लोकल मशीनवरचं पीएचपी, मायएसक्यूएल आणि बाकीचं सॉफ्टवेअर अपग्रेड करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याच कंप्युटरवर झॅम्प, वॅम्प, लॅरागॉन, मॅम्प (वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारे संच) किंवा डॉकर (प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या 'कंटेनर'मध्ये चालवणारं साधन) चालवून वेबसाइट बनवणाऱ्या आणि आता कुठलं तरी जुनं व्हर्जन गळ्याशी आलेल्या मंडळींसाठी हे पान आहे. उदाहरणं पीएचपी (साइटचा कोड ज्यात लिहितात ती भाषा) आणि डेटाबेसची जास्त आहेत, कारण सर्वाधिक पडझड तिथेच होते. एक गोष्ट खाली पुन्हा पुन्हा येईल: जुन्याच्या डोक्यावर नवं चढवू नका, त्याच्या शेजारी उभं करा.

सगळं नीट चाललंय. मग अपग्रेडच्या फंदात पडायचंच कशाला?

लोकल मशीनवरची साइट सहसा इंटरनेटला उघडी नसते. त्यामुळे केवळ सुरक्षेचं कारण सांगून कुणी घाबरवत असेल, तर ते अर्धंच खरं आहे. मुख्य कारण वेगळं. तुमचा कोड शेवटी कुठल्या तरी सर्व्हरवर जातो आणि तो सर्व्हर तुमच्यासाठी थांबत नाही. पीएचपी ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, ८.० चा नोव्हेंबर २०२३ मध्ये, ८.१ चा डिसेंबर २०२५ अखेरीस. मायएसक्यूएल ५.७ चा ऑक्टोबर २०२३ मध्येच आटोपला. होस्टिंगवाले एक दिवस मेल टाकतात की अमुक तारखेपासून जुनं व्हर्जन बंद. काय मोडणार हे लाइव्ह साइटवर कळण्याआधी लोकलवर कळलेलं बरं.

दुसरं कारण लायब्रऱ्यांचं. लॅराव्हेल (पीएचपीचं एक फ्रेमवर्क) १० ला किमान पीएचपी ८.१ लागतं, ११ ला ८.२. एखादं पॅकेज नवं हवं असेल, तर खालचा पायाही उचलावाच लागतो.

उद्या सकाळी डिलिव्हरी असेल तर मात्र आज रात्री हा उद्योग करू नका.

कोणत्या व्हर्जनवर जायचं? सगळ्यात नव्या?

नाही. लाइव्ह सर्व्हरवर जे आहे त्यावर. सर्व्हरच बदलणार असेल, तर तो ज्या व्हर्जनवर जाणार आहे त्यावर. लोकलवर ८.४ आणि सर्व्हरवर ८.१ असं ठेवलं, की ८.४ मध्येच आलेलं एखादं फंक्शन तुम्ही सहज वापरता, लोकलवर ते छान चालतं आणि अपलोड केल्याक्षणी साइट आडवी होते. लोकल जुनं आणि सर्व्हर नवा असला, तर हीच गंमत उलट्या दिशेने होते.

सर्व्हरवर काय आहे हे अंदाजाने ठरवू नका. 'पीएचपीइन्फो' दाखवणारी छोटी फाइल तिथे टाकून बघा आणि बघून झाल्यावर ती आठवणीने काढा, कारण त्या पानावर सर्व्हरची सगळी कुंडली उघडी पडते. डेटाबेससाठी 'सिलेक्ट व्हर्जन' ही क्वेरी चालवा. उत्तरात मारियाडीबीचं (मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या वेगळ्या डेटाबेसचं) नाव दिसलं, तर ते वहीत ठळक लिहून ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

निवड तुमच्या हातात असेल, तर सपोर्टचं वेळापत्रक बघा. पीएचपीचं नवं व्हर्जन साधारणपणे दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात येतं. सध्याच्या धोरणानुसार त्याला दोन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढची दोन वर्षं फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्या हिशेबाने ८.२ ला डिसेंबर २०२६ पर्यंत, ८.३ ला डिसेंबर २०२७ पर्यंत आणि ८.४ ला डिसेंबर २०२८ पर्यंत आयुष्य आहे. नुकतंच बाहेर आलेलं व्हर्जन मी कामाच्या प्रोजेक्टला लावत नाही. तुमचं पीएचपी तयार असतं, पण तुम्ही वापरता ती पॅकेजेस आणि प्लगिन्स तयार नसतात.

झॅम्पचं नवं व्हर्जन टाकलं की सगळं आपोआप नवं होईल ना?

नवं होईल, पण तुमचं काही त्यात येणार नाही. झॅम्पमध्ये 'अपडेट करा' असं बटण नाही. प्रत्येक व्हर्जन हे स्वतंत्र इन्स्टॉलेशन असतं आणि त्यासोबत कोरा डेटाबेस व कोऱ्या सेटिंग्ज येतात.

शिवाय झॅम्पच्या नावातला आकडा फक्त पीएचपीचा असतो. झॅम्प ८.२.१२ मध्ये पीएचपी ८.२ आहे, पण डेटाबेस आहे मारियाडीबी १०.४, ज्याचा सपोर्ट जून २०२४ मध्येच संपला. पेटी नवी दिसते म्हणून आतला प्रत्येक भाग नवा, असं धरून चालू नका. आणि हो, कंट्रोल पॅनेलवर 'मायएसक्यूएल' असं लिहिलेलं असलं, तरी २०१५ पासून झॅम्पमध्ये मारियाडीबीच असतो.

नवं झॅम्प वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. दोन्ही ठेवायचे असतील तरी चालतं, फक्त एका वेळी एकच सुरू करा, नाहीतर पोर्टवरून (दोघांनाही तोच नेटवर्क क्रमांक हवा असतो) भांडण होईल. मात्र जुन्याच्या फोल्डरचं नाव बदललं किंवा ते दुसरीकडे हलवलं, तर त्याच्या सेटिंग फाइल्समधले पूर्ण पाथ मोडतात. म्हणून परतीची वाट खरोखर उघडी हवी असेल, तर जुनं जिथे आहे तिथेच राहू द्या आणि नव्याला नवी जागा द्या.

मला झॅम्पमधलं फक्त पीएचपी बदलायचंय. जमतं का?

जमतं. विंडोजवर थोडं हाताने करावं लागतं. पीएचपीच्या अधिकृत साइटवरून विंडोजची झिप घ्या, पण 'थ्रेड सेफ' लिहिलेली. अपाचीचं (झॅम्पमधल्या वेब सर्व्हरचं) मॉड्यूल म्हणून चालवायला तीच लागते, 'नॉन थ्रेड सेफ'मध्ये अपाचीला लागणारी डीएलएल फाइलच नसते. झॅम्पमधल्या पीएचपी फोल्डरचं नाव बदलून जुनं बाजूला ठेवा आणि त्या जागी नवं उलगडा. नव्या फोल्डरमध्ये सेटिंग्जचे दोन नमुने असतात, डेव्हलपमेंटचा आणि प्रॉडक्शनचा. डेव्हलपमेंटचा घेऊन त्याचं नाव 'पीएचपी डॉट आयएनआय' करा.

जुनी आयएनआय फाइल उचलून जशीच्या तशी नव्यात टाकण्याचा मोह होतो. ते करू नका. उदाहरणार्थ, ७.४ मध्ये इमेज हाताळणारं एक्स्टेंशन 'जीडी२' नावाने सुरू करायचे, ८.० पासून विंडोजवर त्याचं नाव नुसतं 'जीडी' झालं. जुनी ओळ नव्यात आली की थंबनेल बनणं बंद, आणि दोष मात्र आपण कोडमध्ये शोधत बसतो. जुनी फाइल एका खिडकीत, नवी दुसऱ्या खिडकीत उघडा आणि तुम्ही स्वतः बदललेल्या तेवढ्याच ओळी नेऊन बसवा: मेमरी लिमिट, अपलोडची मर्यादा, टाइमझोन, चालू केलेली एक्स्टेंशन्स.

पुढचा टप्पा अपाचीचा. ७ वरून ८ वर जाताना इथे हमखास ठेच लागते. झॅम्पची जी अपाची कॉन्फिग फाइल पीएचपी लोड करते, त्यात जुन्या डीएलएल फाइल्सच्या नावांत ७ आहे, तिथे ८ करायचा. पण मॉड्यूलच्या नावात तसं नाही. ते आधी 'पीएचपी७_मॉड्यूल' होतं आणि पीएचपी ८ पासून नुसतं 'पीएचपी_मॉड्यूल' आहे, आकड्याशिवाय. बहुतेक जण सगळीकडे ७ चा ८ करून टाकतात आणि मग अपाची उठत नाही. त्याच फाइलमध्ये खाली 'इफमॉड्यूल'च्या अटीतही जुनं नाव असतं. तिथे बदल विसरलात, तर अपाची सुरू होईल पण त्या अटीतल्या सेटिंग्ज गुपचूप वगळल्या जातील.

आणि तरीही अपाची उठत नसेल, तर कंट्रोल पॅनेलच्या लाल अक्षरांकडे बघत बसू नका. टर्मिनलमधून अपाचीची कॉन्फिग तपासणारी कमांड चालवा, म्हणजे 'एचटीटीपीडी' आणि पुढे डॅश-टी. चूक कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत आहे ते ती थेट सांगते. 'व्हीसीरनटाइम' जुळत नाही अशी तक्रार आली, तर मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नवा करा. पीएचपी ८.४ चे विंडोज बिल्ड व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या साधनांनी बनवलेले आहेत, जुना रनटाइम त्यांना पुरत नाही.

वॅम्प आणि लॅरागॉनमध्ये ही कसरत बरीच कमी आहे. तिथे अनेक पीएचपी व्हर्जन्स शेजारी ठेवून मेनूतून बदलता येतात. मॅकओएसवर, मॉन्टेरेपासून म्हणजे २०२१ पासून, सिस्टमसोबत पीएचपी येतच नाही. तिथे होमब्र्यूने (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं साधन) टाकायचं.

टर्मिनलमध्ये एक व्हर्जन दिसतं, ब्राउझरमध्ये दुसरंच. हे काय प्रकरण आहे?

मशीनवर दोन पीएचपी आहेत. ब्राउझरवालं अपाचीने लोड केलेलं असतं, टर्मिनलवालं सिस्टमच्या 'पाथ'मध्ये जे आधी सापडेल ते. विंडोजवर 'व्हेअर पीएचपी', मॅक आणि लिनक्सवर 'विच पीएचपी' चालवलंत की टर्मिनलवालं कुठून येतंय ते कळतं. पाथ दुरुस्त केल्यावर टर्मिनल बंद करून नवा उघडायचा, उघडा असलेला टर्मिनल जुनाच पाथ धरून बसतो.

आयएनआय फाइलमध्ये बदल केला पण काहीच फरक पडत नाही, ही तक्रारही याच घरातली. पीएचपीइन्फोच्या पानावर वरच्या भागात 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' अशी ओळ असते. तिथे दिसणारी फाइल आणि तुम्ही बदललेली फाइल एकच आहे का बघा. उबंटूवर तर अपाचीची वेगळी आणि कमांड लाइनची वेगळी अशा दोन फाइल्स असतात. बदलानंतर अपाची रीस्टार्ट करायचा, नुसतं पान रिफ्रेश करून भागत नाही.

पीएचपी ८ लावलं आणि साइट पांढरीफटक. आता?

आधी एरर दिसू द्या. आयएनआयमध्ये 'डिस्प्ले एरर्स' चालू करा, एरर रिपोर्टिंग पूर्ण करा, आणि तरी पान पांढरंच राहिलं तर अपाचीचा एरर लॉग उघडा. पांढऱ्या पानामागे जवळपास नेहमी एक 'फेटल एरर' असते.

कोड किती जुना आहे यावर पुढचं अवलंबून. ५.६ च्या काळातला असेल, तर पहिला बळी 'मायएसक्यूएल_कनेक्ट' आणि त्याची भावंडं. ती ७.० मध्ये काढून टाकली गेली, आता मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरावं लागतं. आठव्या व्हर्जनमध्ये 'ईच' आणि 'क्रिएट_फंक्शन' गेली. ही मोडतोड बरी म्हणायची, कारण ती ओरडून सांगते.

आवाज न करता बदललेल्या गोष्टींची मला जास्त धास्ती वाटते. पीएचपी ७ मध्ये शून्य आणि 'एबीसी' अशी कुठलीही अक्षरांची स्ट्रिंग दोन बरोबर-चिन्हांनी ताडली, तर उत्तर 'खरं' यायचं. ८.० पासून 'खोटं' येतं. नवं वागणं शहाणपणाचं आहे, यात वाद नाही. पण एखाद्या जुन्या फॉर्ममध्ये 'स्टेटस बरोबर शून्य असेल तर' अशी अट असेल आणि स्टेटसमध्ये कधी शब्द येत असतील, तर कुठलीही एरर न येता वेगळीच फांदी चालू लागते. असले कोपरे शोधायला लॉग उपयोगी पडत नाही. लॉगिन, पेमेंट, सर्च, रिपोर्ट असे महत्त्वाचे रस्ते हाताने चालून बघावे लागतात.

८.१ मध्ये आणखी एक: मायएसक्यूएलआय आता चुकीच्या क्वेरीवर गप्प 'फॉल्स' देत नाही, एक्सेप्शन फेकतो. जिथे जुना कोड उत्तर तपासून 'माफ करा, नोंद सापडली नाही' असं म्हणायचा, तिथे आता पूर्ण पान कोसळतं. चूक आधीही होती, ती आता दिसते एवढंच.

डेप्रिकेटेडच्या ('हे पुढे काढलं जाणार' अशा) सूचनांचा पाऊस पडतोय. बंद करून टाकू का?

पानावर दिसणं बंद करा, लॉगमध्ये जाणं बंद करू नका. ८.१ मध्ये मूळ फंक्शनला जिथे स्ट्रिंग हवी तिथे 'नल' दिला की सूचना येते, ८.२ मध्ये क्लासमध्ये न जाहीर केलेली प्रॉपर्टी ऐनवेळी चिकटवली की येते. आज साइट चालते. पण ही सगळी यादी पुढच्या मोठ्या व्हर्जनला मोडणाऱ्या गोष्टींची आहे, आणि ती तुम्हाला फुकटात मिळाली आहे.

सूचना 'व्हेंडर' फोल्डरमधून (तिथे बाहेरून आणलेली पॅकेजेस असतात) येत असतील तर तिथे हात घालू नका, ते पॅकेज अपडेट करा. स्वतःच्या कोडसाठी पीएचपीस्टॅन शोधून देतो आणि रेक्टर बऱ्याच गोष्टी आपोआप बदलून देतो. रेक्टर चालवण्याआधी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट हवंच. तो उत्साहाच्या भरात शंभर फाइल्स बदलतो.

डेटाबेसचा बॅकअप म्हणून 'डेटा' फोल्डर कॉपी केलं तर पुरतं का?

त्याच व्हर्जनवर परत यायचं असेल आणि सर्व्हर बंद करून पूर्ण फोल्डर उचललं असेल, तर पुरतं. नव्या व्हर्जनवर न्यायचं असेल तर त्यावर विसंबू नका. आणि फक्त आपल्या डेटाबेसच्या नावाचं फोल्डर उचलणं म्हणजे फसवणूक. इनोडीबीची (मायएसक्यूएलमधल्या डेटा साठवणाऱ्या इंजिनची) महत्त्वाची माहिती बाहेरच्या 'आयबीडेटा१' फाइलमध्ये असते. ती मागे राहिली की पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये टेबलांची नावं दिसतात, पण उघडायला गेलं की 'टेबल इंजिनमध्ये अस्तित्वात नाही' असं उत्तर येतं.

एका व्हर्जनवरून दुसऱ्यावर जायचा खात्रीचा मार्ग म्हणजे डम्प, म्हणजे सगळा डेटाबेस एसक्यूएलच्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून घेणं. मायएसक्यूएलडम्प चालवताना ट्रिगर आपोआप येतात, पण स्टोअर्ड प्रोसिजर आणि इव्हेंट येत नाहीत. त्यांच्यासाठी 'रूटीन्स' आणि 'इव्हेंट्स' हे पर्याय वेगळे द्यावे लागतात. डम्प घेतल्यावर फाइल उघडून शेवटची ओळ बघा. 'डम्प कम्प्लीटेड' लिहिलेलं नसेल, तर तो अर्धवट तुटला आहे.

मोठी फाइल पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून इम्पोर्ट करायला जाल, तर नव्या पीएचपीची अपलोड मर्यादा आडवी येईल. मूळ सेटिंग फक्त २ एमबी असते, पूर्ण पोस्टची ८ एमबी. मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा टर्मिनलमधून इम्पोर्ट करा.

मायएसक्यूएल ५.७ वरून ८ वर जाताना काय काय अडतं?

पहिली अडचण कनेक्शनची. ८.० पासून नवीन युजरसाठी पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलली. ७.४ च्या आधीच्या पीएचपीला ती नीट झेपत नाही आणि 'क्लायंटला माहीत नसलेली ऑथेंटिकेशन पद्धत' अशी एरर येते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पीएचपी, मग डेटाबेस. जुनी 'नेटिव्ह पासवर्ड' पद्धत लावून वेळ मारून नेणारे बरेच उपाय सापडतील. पण ८.४ मध्ये ती मुळातच बंद असते आणि ९.० मध्ये काढूनच टाकली आहे.

दुसरी अडचण नावांची. 'रँक', 'ग्रुप्स', 'सिस्टम', 'विंडो' हे शब्द आता राखीव आहेत. गुणांच्या टेबलात 'रँक' नावाचा कॉलम असणं किती साहजिक आहे! क्वेरीत त्या नावाभोवती बॅकटिक द्या किंवा कॉलमचं नावच बदला.

तिसरी अडचण जुन्या सवयींची. ५.७ पासूनच मूळ सेटिंग कडक आहे: सगळी शून्यं असलेली तारीख चालत नाही, आणि 'ग्रुप बाय'मध्ये नसलेला कॉलम नुसता निवडता येत नाही. अनेकांनी तेव्हा एसक्यूएल मोड रिकामा करून वेळ भागवली होती. ती ओळ जुन्या कॉन्फिगमध्ये राहते आणि नव्या इन्स्टॉलेशनवर सगळ्या जुन्या क्वेऱ्या एकदम उघड्या पडतात. पुन्हा मोड रिकामा करू नका, क्वेऱ्या दुरुस्त करा. सर्व्हरवर तो मोड तुमच्या हातात असेलच असं नाही.

५.६ वर असाल तर थेट ८ वर उडी घेता येत नाही, मध्ये ५.७ ची पायरी लागते. आणि ८ ने एकदा डेटा फोल्डर आपल्या पद्धतीने बदललं, की तेच फोल्डर ५.७ ला परत देता येत नाही. पीएचपी पाच मिनिटांत मागे नेता येतं. डेटाबेसचं तसं नाही, तिथे परतीचं तिकीट म्हणजे अपग्रेडआधीचा डम्प.

सर्व्हरवर मायएसक्यूएल आहे, लोकलवर मारियाडीबी. काय फरक पडतो?

पूर्वी फारसा पडायचा नाही, आता पडतो. सगळ्यांना भेटणारी एरर म्हणजे 'अननोन कोलेशन'. मायएसक्यूएल ८ ची मूळ कोलेशन (अक्षरं ताडण्याचे नियम) 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' आहे आणि झॅम्पमधल्या १०.४ सारख्या मारियाडीबीला ती ओळखता येत नाही. डम्प फाइलमध्ये शोधा-बदला करून त्याजागी 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' टाकलं की इम्पोर्ट होतो.

पण हा मलमपट्टीचा उपाय. जेसन कॉलम मारियाडीबीत खरं तर लाँगटेक्स्टच असतो. मघाचा 'ग्रुप बाय'चा कडक नियम मारियाडीबीत मूळ सेटिंगमध्ये नसतो, म्हणजे लोकलवर पास झालेली क्वेरी सर्व्हरवर नापास. सर्व्हरवर मायएसक्यूएल असेल, तर लोकलवरही तोच घ्या. बाकी झॅम्प ठेवून फक्त डेटाबेस डॉकरमध्ये चालवला तरी काम होतं.

डेटाबेस हलवल्यावर मराठी मजकुराची गिचमीड झाली. मजकूर गेला का?

बहुतेक वेळा गेलेला नसतो. पण घाबरून त्याच टेबलात काहीबाही कन्व्हर्ट करायला गेलात, तर खरंच जाईल. आधी तपासा.

जुन्या अनेक साइटींमध्ये टेबलवर 'लॅटिन१' असं लिहिलेलं असायचं, कनेक्शनही लॅटिन१, आणि पान मात्र यूटीएफ-८. मराठीचे बाइट तसेच आत जायचे, तसेच बाहेर यायचे आणि सगळं बरोबर दिसायचं. डबा साखरेचा, आत मीठ, पण घरातल्या सगळ्यांना ते माहीत, असा कारभार. नवा सर्व्हर येतो, डब्यावरचं नाव खरं मानतो, लॅटिन१ चं यूटीएफ-८ करून देतो आणि विचका होतो.

आता एखाद्या नोंदीवर 'हेक्स' फंक्शन चालवून बघा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि त्याची सुरुवात 'ई० ए४' किंवा 'ई० ए५' अशी होते. 'म' म्हणजे 'ई० ए४ एई'. हे दिसलं आणि टेबल लॅटिन१ असेल, तर बाइट शाबूत आहेत, फक्त वरचं नाव चुकलंय. अशा वेळी कॉलम आधी ब्लॉब करायचा आणि मग यूटीएफ८एमबी४ चा टेक्स्ट. थेट टेक्स्टवरून टेक्स्टवर गेलात, तर मायएसक्यूएल बाइट पुन्हा बदलतो. ब्लॉबच्या वळणाने गेलं की बाइट तसेच राहतात. हेक्स 'सी३ ए०' पासून सुरू होत असेल, तर मजकूर आधीच दोनदा एन्कोड झालेला आहे. मग जुन्या सर्व्हरवरून नव्याने डम्प घ्या, या वेळी डम्पचा कॅरेक्टर सेट लॅटिन१ सांगून आणि 'सेट नेम्स'ची ओळ वगळायला लावून. त्या फाइलमध्ये टेबलांवरचं लॅटिन१ बदलून यूटीएफ८एमबी४ करा आणि इम्पोर्ट करा. जुना सर्व्हर शेजारी जिवंत ठेवण्याचा फायदा इथे कळतो.

एक जोडप्रश्न नेहमी येतो: मायएसक्यूएलच्या जुन्या तीन-बाइटी 'यूटीएफ८' मध्ये मराठी नीट राहतं, मग एमबी४ कशाला? मराठीसाठी नव्हे, इमोजीसाठी. त्यांना चार बाइट लागतात. प्रतिक्रियेत कुणी एक हसरा चेहरा टाकला की कडक मोडमध्ये ती नोंद सेव्हच होत नाही.

कंपोझरने (पीएचपीची पॅकेजेस आणणारं साधन) अपडेट केल्यावर सर्व्हरवर एरर आली, लोकलवर तर सगळं चालत होतं.

लोकलचं पीएचपी नवं, सर्व्हरचं जुनं. 'कंपोझर अपडेट' तुमच्या मशीनवरचं पीएचपी बघून पॅकेजेस निवडतो आणि लॉक फाइलमध्ये ती पक्की करतो. सर्व्हरला ती झेपत नाहीत. कंपोझरच्या जेसन फाइलमध्ये कॉन्फिगखाली 'प्लॅटफॉर्म' म्हणून सर्व्हरचं पीएचपी व्हर्जन लिहून ठेवा, मग तो त्याच मापाने निवड करतो. 'इग्नोर प्लॅटफॉर्म' हा पर्याय देऊन गाडी पुढे ढकलू नका, तो फक्त एरर पुढच्या दिवसावर टाकतो.

सर्व्हरवर 'अपडेट' चालवायचंच नाही, 'इन्स्टॉल' चालवायचं.

नोडचंही (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाचं) असंच आहे का?

थोडं सोपं आहे. सम आकड्याची व्हर्जन्स दीर्घ सपोर्टची: २२, २४. विषम आकड्यांवर प्रोजेक्ट उभा करू नका. नोड थेट इन्स्टॉल करण्याऐवजी एनव्हीएमने (नोडची अनेक व्हर्जन्स सांभाळणारं साधन) टाका, म्हणजे जुन्या प्रोजेक्टला जुनं आणि नव्याला नवं मिळतं. प्रोजेक्टच्या मुळाशी व्हर्जन लिहिलेली छोटी फाइल ठेवली, तर टीममधल्या इतरांनाही विचारत बसावं लागत नाही.

जुना वेबपॅक ४ (जावास्क्रिप्टच्या फाइल्स एकत्र बांधणारं साधन) वापरणारा प्रोजेक्ट नोड १७ किंवा पुढे नेला, की 'ओपनएसएसएल'च्या नावाने एरर येते. 'लेगसी प्रोव्हायडर'चा पर्याय देऊन तो चालतो, पण ते तात्पुरतं समजा. नोड बदलल्यावर 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर पुसून 'एनपीएम सीआय' चालवा. लॉक फाइल मात्र पुसायची नाही.

डॉकरमध्ये तर फक्त टॅग (इमेजच्या व्हर्जनचं नाव) बदलायचा असतो ना?

पीएचपीसाठी हो. डेटाबेससाठी तो टॅग म्हणजे चाप ओढण्यासारखं आहे. कंटेनर नवा येतो, पण व्हॉल्यूम (डेटा साठवलेली जागा) जुनाच असतो. ५.७ चा टॅग काढून ८.० टाकला की नवा मायएसक्यूएल सुरू होताना त्या व्हॉल्यूममधला डेटा अपग्रेड करतो, आणि टॅग परत ५.७ केलात तर तो उघडत नाही. पोस्टग्रेस (दुसरा एक डेटाबेस) तर मोठ्या व्हर्जनला सुरूच व्हायला नकार देतो, त्याला डम्प किंवा त्याचं स्वतःचं अपग्रेड साधन लागतं. त्यामुळे नव्या टॅगला नव्या नावाचा व्हॉल्यूम द्या आणि त्यात डम्प इम्पोर्ट करा. 'लेटेस्ट' टॅग डेटाबेसला कधीच लावू नका, नाहीतर अपग्रेडची तारीख तुमच्याऐवजी डॉकर ठरवेल.

विंडोजवरच्या झॅम्पवरून डॉकरवर येणाऱ्यांना एक वेगळाच धक्का बसतो. कंटेनरच्या आत लिनक्स असतं आणि तिथे कॅपिटल-स्मॉलचा फरक मोजला जातो. फाइलचं नाव एक आणि कोडमध्ये कॅपिटल वेगळं असेल, तर 'फाइल सापडली नाही'. टेबलांच्या नावांचंही तेच. लाइव्ह सर्व्हर लिनक्स असेल, तर ही चूक आत्ताच सापडली हे चांगलंच झालं.

एक्सडीबग (पीएचपी कोडमधल्या चुका शोधायचं एक्स्टेंशन) अचानक बंद पडला.

व्हर्जन ३ ने, म्हणजे २०२० अखेरीस, सेटिंग्जची नावं बदलली. 'रिमोट एनेबल' वगैरे गेलं, आता 'मोड' मध्ये 'डीबग' लिहायचं. पोर्ट ९००० चा ९००३ झाला, तो एडिटरमध्येही बदला.

पोर्ट ८० किंवा ३३०६ व्यस्त असल्याचं सांगतं.

बहुधा जुनं झॅम्प किंवा जुना मायएसक्यूएल विंडोज सर्व्हिस म्हणून पाठीमागे चालू आहे. सर्व्हिसेसमध्ये जाऊन थांबवा. ८० वर कधी कधी आयआयएस (विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर) बसलेला असतो. मॅकवर ५००० पोर्ट व्यस्त दिसला, तर तो एअरप्ले रिसीव्हर.

परत जुन्यावर जायचं ठरलं तर?

पीएचपीसाठी फोल्डरची नावं आणि अपाचीच्या त्या ओळी पूर्ववत करा. कोडसाठी अपग्रेडचं काम पहिल्यापासून वेगळ्या ब्रँचवर ठेवा, म्हणजे जुन्या ब्रँचवर येणं एका कमांडचं काम राहतं. डेटाबेससाठी जुना सर्व्हर आणि जुनं डेटा फोल्डर तसंच असेल, तर तेच सुरू करा. नसेल तर रिकाम्या जुन्या सर्व्हरवर डम्प इम्पोर्ट करा. मधल्या काळात नव्यावर भरलेला डेटा मात्र जुन्यात येणार नाही, म्हणून पूर्ण खात्री होईपर्यंत नव्यावर फक्त चाचणीच्याच नोंदी टाका.

जुनं झॅम्प कधी उडवायचं?

नव्या व्हर्जनवर लाइव्ह साइटचा एक पूर्ण महिना निघू द्या. महिनाअखेरचे रिपोर्ट, क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) जाणारे मेल असे क्वचित चालणारे भाग तोपर्यंत एकदा तरी चालून जातात. उडवण्याआधी जुन्या डेटा फोल्डरमधल्या डेटाबेसची नावं आणि तुमच्या डम्प फाइल्स यांची जुळणी करा. विसरलेला एखादा छोटा डेटाबेस तिथेच सापडतो. एचटीडॉक्समध्ये (झॅम्पमधलं साइटच्या फाइल्सचं फोल्डर) गिटबाहेर काही राहिलंय का बघा, विशेषतः अपलोड केलेले फोटो. अनइन्स्टॉलर चालवताना तो काय काय पुसू का विचारतो ते वाचून मगच होकार द्या. आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये जुन्या पीएचपीचा पूर्ण पाथ लिहिलेली कामं असतील, तर ती आधी नव्या पाथवर वळवा, नाहीतर ती काहीही न बोलता बंद पडतील.